हलक्या ते मध्यम सरी

५ फेब्रुवारी

ताई,

नऊ वर्षांनी पत्र लिहितोय, तेव्हा सुरुवात एखाद्या गंभीर विषयाने करावी. विषय आहे टीव्हीचा रिमोट.

इथल्या इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर डे-केअर नावाची खोली आहे. आठ खुर्च्या, सलाइनचे आठ स्टँड, आठ माणसं. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक प्लास्टिकची पिशवी. ती कशासाठी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिच्याकडे कुणीही बघत नाही. छताजवळ टीव्ही टांगलेला आहे आणि त्यावर अखंड स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू असतो. एक हसरी बाई सकाळी नऊपासून उकळत्या तेलात काही ना काही सोडत असते. रिमोट बेपत्ता आहे. मी रीतसर चौकशी केली. सिस्टर म्हणाल्या, वॉर्डातल्या मामांकडे असेल. मामा म्हणाले, स्टोअरमध्ये. स्टोअरवाल्याने शांतपणे विचारलं, "अर्ज आणलाय?" अर्ज दिला. त्याची पोच मिळाली. रिमोट मिळाला नाही.

काल ती बाई कांदा परतत होती. समोरच्या खुर्चीतले निवृत्त पोस्टमास्तर डोळे मिटून म्हणाले, "बंद करा हो तिला, वास येतोय." टीव्हीतून वास येत नाही, असं कुणी म्हणालं नाही. आम्हां आठही जणांना येत होता.

मी तिथे काय करत होतो, असं तू विचारशील. निदान मनात तरी विचारशील. आईला जे झालं होतं तेच. डिसेंबरात गाठ काढली. आता सहा डोस, दर तीन आठवड्यांनी एक. काल दुसरा झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहाच्या सहा वेळेवर पुरे झाले तर काळजीचं कारण नाही. त्यातला "तर" त्यांनी इतका हळू उच्चारला की मला तेवढाच ऐकू आला.

उलट्यांचं म्हणशील तर विशेष काही नाही. एकदोनदा.

तुझा,
बारक्या

ता. क. तुझी ती निळी वही माझ्याकडे राहिली असं तुला वाटत असेल, तर ती इथे नाही. मी शोधली.

१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पत्रपेटी मी दिवसातून दोनदा उघडतो. डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितलंय.

काल एक प्रकार घडला. कोपऱ्यावरच्या दुकानात साबण घ्यायला गेलो होतो. नवा, बिनवासाचा, कारण जुन्याच्या वासाने मला आता बाथरूममध्ये पाऊल टाकवत नाही. साबणाच्या फळीपाशी एक बाई उभी होती. साध्या कपड्यात, हातात शांपूची बाटली. तिने वळून बघितलं आणि हसली. डे-केअरमधल्या सिस्टर. माझ्या हाताची शीर शोधून सुई लावतात, त्याच. मी हसायला तोंड उघडलं आणि तिथेच, टूथपेस्टच्या खोक्यांवर, ओकलो.

सुई नाही, सलाइन नाही, डोस होऊन नऊ दिवस झालेले. नुसतं तोंड बघून!

"अहो काका, आज माझी सुट्टी आहे हो!" म्हणत त्या धावल्या. स्वतःची पाण्याची बाटली दिली, दुकानदाराला गप्प केलं. मग हळूच विचारलं, "घरी किती वेळा होतंय? खरं सांगा."

"तुम्हाला बघून म्हणाल, तर आत्तापर्यंत एकदाच," मी म्हणालो.

त्या खो खो हसल्या. दुकानदारही हसला. विषय संपला.

एकदोनदा लिहिलं होतं, ते जरा कमी लिहिलं होतं. पण इस्पितळात मी हे सांगत नाही आणि सांगणारही नाही. का, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आईने सांगितलं, म्हणून त्यांनी थांबवलं. तूच फोनवर म्हणाली होतीस, "उलट्या फार होतायत रे, म्हणून बंद केलं त्यांनी." त्यानंतर आई राहिली अठ्ठावीस दिवस. मी दिवस मोजणारा माणूस नव्हे, मोजणारी तू. पण हे अठ्ठावीस मी मोजलेत आणि हल्ली रोज सकाळी पुन्हा मोजतो.

आता त्या लेखाबद्दल. लेख वाईट नव्हता. वेधशाळेत तू पारा वाचायचीस, तशी घरी आईची उलटी नोंदवायचीस. रकाने आखून. वेळ, किती कप, आधी काय खाल्लं, वास कशाचा आला, नंतर कसं वाटलं. असली वही समोर आली तर कुठला विनोदी लेखक हात बांधून बसेल? "आईच्या पोटाचा हवामान अंदाज : सकाळी हलक्या ते मध्यम सरी, दुपारनंतर जोर वाढण्याची शक्यता." लोकांनी तो कापून ठेवला. तुझ्या ऑफिसात कुणीतरी फलकावर लावला, खऱ्या अंदाजाच्या शेजारी, हे मला मागाहून कळलं. लावणारा मी नव्हतो. मी नुसता लिहिला.

आणि एक गोष्ट तूही मान्य करशील. आई माझ्यासमोर एकदाही ओकली नाही. तुझ्या रकान्यांपेक्षा माझे विनोद तिला जास्त मानवत होते.

बारक्या

२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांत तुझं अक्षर बदललेलं नाही. अजूनही प्रत्येक ओळ पट्टी लावल्यासारखी सरळ. "गोळ्या मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या, नंतर नाही. किती वेळा होतंय? खरा आकडा." ना नमस्कार, ना खाली सही. तरी मी ते तीनदा वाचलं. मग हिने वाचलं आणि फ्रिजवर चिकटवलं.

खरा आकडा : दोन.

तिसरा डोस काल झाला. टॅक्सी वळणावर आली, इस्पितळाचं हिरवं फाटक दिसलं. फाटकाबाहेरच दोनदा झालं. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "उलट्यांचा त्रास कसा आहे?" मी म्हणालो, "पोट जरा नाराज आहे, पण राजीनामा दिलेला नाही." त्या हसल्या, फाइलमध्ये दोन शब्द लिहिले आणि पुढचं पान उलटलं. खोलीत हशा पिकला की मला अजूनही वाटतं, आजचं काम झालं.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "तुमच्या बोलण्यावर टाळी वाजवायची की बादली आणायची, ते एकदा ठरवून सांगा."

गोळ्यांचं तुझं म्हणणं समजलं. त्या घरात आहेत. पण पहिल्या दिवशी बरं वाटतं, तेव्हा घ्यायला नको वाटतं. तिसऱ्या दिवशी घेतो, तर त्या पोटात थांबत नाहीत. याला आता उशीर झाला असं तू म्हणशील. तू नेहमी तेच म्हणायचीस आणि नेहमी बरोबर असायचीस. माणसाचा राग यायला एवढं पुरतं.

ताई, मला भीती उलटीची वाटत नाही. ती येते नि जाते. मधल्या वेळाची वाटते. मी भिंतीकडे तोंड करून पडतो. घरात कुणी कपाटाचं दार उघडलं तरी दचकतो, आता कसला वास येणार म्हणून. पाण्याचा पेला समोर असतो. त्याच्याकडे मी बघतो, तो माझ्याकडे बघतो. आम्ही दोघंही हलत नाही.

बारक्या

३ मार्च

ताई,

अक्षर वाकडं आहे. डाव्या हाताने लिहितोय, उजव्याला सलाइन आहे.

परवा सकाळी बाथरूमच्या दारात पडलो. शुद्ध हरपली नव्हती. हरपली असती तर बरं झालं असतं, इतके पायात गोळे आले. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. जीभ टाळूला चिकटलेली. हिने शेजाऱ्यांना हाक मारली. इस्पितळाचं हिरवं फाटक आलं तेव्हा ओकायलाही पोटात काही उरलं नव्हतं. पोट नुसतं वळत राहिलं.

डॉक्टरीणबाई स्वतः खाली आल्या. हातात रक्ताचा रिपोर्ट.

"किती दिवसांपासून?"

मी म्हणालो, "तसं विशेष..."

"अकरा," ही म्हणाली. "काल अकरा वेळा. परवा नऊ. पाणीसुद्धा ठरत नव्हतं. आणि आता तुम्ही विनोद केलात ना, तर मी इथून उठून जाईन."

डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडून माझ्यासमोर धरली. तिसऱ्या डोसच्या दिवसापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, त्रास किरकोळ. "हे मी नाही लिहिलं," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला सांगून लिहवून घेतलंत. अहो, उलटीवर एक औषध चाललं नाही तर दुसरं आहे, तिसरं आहे. पण मला माहीतच नसलेल्या उलटीवर मी काय देऊ?"

"सांगितलं तर डोस बंद कराल असं वाटलं."

"नाही सांगितलंत म्हणून आता लांबेल कदाचित. मूत्रपिंडावर ताण आलाय, अंगातले क्षार उतरलेत. अठराच्या आधी रिपोर्ट सुधारले तर चौथा वेळेवर. नाहीतर थांबावं लागेल."

पुन्हा तोच "तर". या वेळी मोठ्याने म्हणाल्या.

ज्याला घाबरून तोंड बंद ठेवलं, तेच तोंड बंद ठेवून ओढवून घेतलं. हे दुसऱ्या कुणाचं असतं तर मी यावर फर्मास लेख लिहिला असता.

म्हणून आता तुला खरं सांगतो. खरा आकडा अकरा. आणि वही माझ्याकडेच आहे. लिहायच्या टेबलाच्या खालच्या खणात, नऊ वर्षं. आई गेल्यावर दोन दिवसांसाठी म्हणून तुझ्याकडून नेली होती. मला ती इथे आणून हवी आहे असं हिला सांगितलं, तर ती म्हणाली, "पिशवीतच आहे. निघतानाच टाकली."

बारक्या

११ मार्च

ताई,

शुक्रवारी घरी सोडलं. तुझा फोन आला होता असं हिने सांगितलं. तू फक्त वजन विचारलंस, आकडा ऐकून "बरं" म्हणालीस आणि ठेवलास. त्या "बरं"चं आमच्याकडे दोन दिवस विश्लेषण चालू आहे.

मी वही वाचली. तुला हसू येईल, पण पहिल्यांदाच वाचली. लेखासाठी बारा पानं पुरली होती. बारा पानांत मला वेळ, कप आणि रकाने मिळाले, हशा मिळाला. पुढची चौऱ्याहत्तर पानं मी उलटलीच नव्हती.

तेराव्या पानापासून तू रकान्यांच्या खाली छोट्या अक्षरात लिहायला लागलीस. "उठायच्या आधी कोरडं बिस्किट, मग दहा मिनिटं बसून राहणं. फरक." "गरम भाताची वाफ नको. गार भात चार चमचे, ठरला." "स्टीलचा चमचा तोंडात कडू लागतो म्हणते. प्लास्टिकचा दिला." "आवडीचं काही डोसच्या दिवशी द्यायचं नाही. मग ते जन्माचं नावडतं होतं." "डॉक्टरांना वही दाखवली. गोळी बदलली. आज एकदाच."

आज एकदाच. या दोन शब्दांखाली तू रेघ मारली आहेस. वहीभर तेवढी एकच रेघ.

आणि मग एकतिसावं पान. वेळ दुपारी चार. "बारक्या आला होता. तो असेपर्यंत आईने दाबून धरलं. पदर तोंडात. त्याला वाटलं हसते आहे. तो गेल्यावर चार वेळा." पुढे काही पानांनी पुन्हा : "बारक्या आला. गेल्यावर पाच." मग तू नुसतं "बा." लिहायला लागलीस. "बा. गेल्यावर तीन." "बा. गेल्यावर पाच, दोनदा पित्त."

मी मोजलं. एकूण चौदा "बा." आहेत.

पदर तोंडात धरून तिचे खांदे हलायचे, ते मला आठवतं. मी घरी जाऊन हिला सांगायचो, आज आईला काय हसवलं!

तू मला कधी सांगितलं नाहीस. त्या लेखानंतरसुद्धा नाही. मी भर चौकात तुझी वही वाचून दाखवली आणि तुझ्याकडे हे पान होतं. हे पान तू एकदा माझ्या अंगावर फेकलं असतंस, तर मी आयुष्यात पुन्हा ओळ लिहिली नसती.

शेवटून चौथ्या पानावर हे आहे : "यकृतात पसरलंय. डॉक्टर म्हणाले, आता डोसचा उपयोग नाही. उलट्या तीन आठवडे जवळजवळ नाहीत. आई म्हणाली, बारक्याला उलट्यांमुळे बंद केलं असं सांग. बाकी नको सांगूस."

म्हणजे उलट्यांचा काही संबंधच नव्हता. नऊ वर्षं मी जी गोष्ट उशाखाली घेऊन झोपलो, जिच्या भीतीने मी सिस्टरला हसवलं, डॉक्टरांना हसवलं आणि बाथरूमच्या दारात पडलो, ती आईने मला जपण्यासाठी रचली होती. तुझ्यावर रागावू का, तिच्यावर, हे ठरवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. आपल्या घरात जो माणूस कशाचीही थट्टा करतो, त्याला खरं कोण सांगणार?

आता मला जास्त भीती वाटते, हेही लिहून ठेवतो. आधी वाटायचं, उलट्या लपवल्या की वाचलो. आता लपवायला काही नाही. फक्त ते रिपोर्ट आहेत.

आज पाणी : सहा पेले, घोट घोट. बिस्किटं तीन. भात गार. उलटी दोनदा. हे "दोन" खरे आहेत. हवं तर हिला फोन कर.

बारक्या

१८ मार्च

ताई,

काल रिपोर्ट आले. सुधारले आहेत, पण काठावर. डॉक्टरीणबाई बराच वेळ कागद बघत राहिल्या. ही माझा हात घट्ट धरून बसली होती, मी तिचा. मग त्या म्हणाल्या, "देऊ या. पण औषध बदलतेय. उलटीची नवी गोळी उद्या इथे येण्याआधी, मग चार दिवस घड्याळ लावून. बरं वाटलं तरी. कळलं?"

"कळलं."

"आणि गेल्या वेळी किती झाल्या?"

मी खिशातून कागद काढला. तुझ्यासारखे रकाने आखले होते, माझ्या हातून तिरके झाले. वाचून दाखवलं. पहिला दिवस तीन, दुसरा सात, तिसरा नऊ, चौथा अकरा. दुकानातली एक, फाटकाबाहेरच्या दोन. खोलीत कुणी हसलं नाही. त्यांनी सगळं फाइलमध्ये उतरवून घेतलं, मी तो कागद पुन्हा खिशात ठेवला. फाटक बघून होतं, ते अजूनही होतं. त्यासाठीही आदल्या दिवशी घ्यायची एक गोळी आहे म्हणाल्या. मी म्हटलं, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं. त्यांनी फाइलमधल्या त्रास किरकोळ या शब्दांवर बोट ठेवलं.

आज वर डे-केअरमध्ये पोस्टमास्तरांची खुर्ची रिकामी होती. मी विचारलं नाही. धैर्य झालं नाही, हे खरं कारण. सिस्टरनेही आपणहून सांगितलं नाही. शीर शोधायला त्यांना या वेळी तीनदा टोचावं लागलं. टीव्हीवर ती बाई कणीक मळत होती.

"सिस्टर," मी म्हणालो, "टीव्ही बंद करा. मला तो बघून मळमळतं."

त्या थांबल्या. पुढचं वाक्य येईल म्हणून वाट बघितली असावी. आलं नाही, तेव्हा स्टूल ओढून त्यावर चढल्या आणि प्लग काढला. बाकीच्या सहाही जणांनी एकदम श्वास सोडला. तेवढंच हवं होतं, ताई. अर्ज, पोच, सहा आठवडे, आणि तेवढंच.

आता संध्याकाळचे पाच वाजलेत. घरी आहे. भीती आहे, ती पोटाच्या थोडी वर, बरगडीखाली असते, मळमळ सुरू होते त्याच जागी, त्यामुळे दोघींतला फरक कळत नाही. उद्या, परवा कसं जाईल माहीत नाही. गोळी घेतली आहे. दोन पेले पाणी ठरलं आहे. अजून एकदाही नाही.

त्या लेखाची जाहीर माफी मागावी, असं मनात आलं होतं. पहिली दोन वाक्यं लिहिलीसुद्धा. चांगली जमली होती. म्हणून फाडून टाकली.

सोबत वही पाठवतो आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती. पुट्ठा सुटला होता, तो हिने शिवला. उपयोगाच्या सूचना मी वेगळ्या कागदावर उतरवून घेतल्या आहेत, एकतिसावं पान नाही. बाविसाव्या पानावर चहाचा डाग आहे, तो माझा. बाकी जशी होती तशी आहे.

बारक्या